बंद सेटमधली ठिणगी

फिलीपकाकांच्या खोलीत ‘बंद’ हा शब्द उच्चारायची सोय नव्हती. एखादा अँप्लिफायर वर्षानुवर्षं फळीवर पडून असो, त्याची पिन भिंतीतून काढलेली असो, वायर उंदरांनी कुरतडलेली असो, काकांच्या लेखी तो ‘गप’ असे. “गप बसलाय त्यो,” ते म्हणायचे. “बंद म्हनू नगा मास्तर. बंद म्हनलं की मानूस हात घालतो.”

मी तेव्हा संगमनेरच्या एका कॉलेजात फिजिक्सचा डेमॉन्स्ट्रेटर होतो. वय सत्तावीस, आणि पुस्तकात नाही ते जगात नाही अशी पक्की खात्री. प्रयोगशाळेतला जुना अँप्लिफायर बोलेनासा झाला तेव्हा शिपायानं तो सायकलच्या कॅरिअरला बांधला आणि मला बाजारपेठेमागच्या, प्रवरेकडे उतरणाऱ्या गल्लीत नेलं. भर दुपारी त्या खोलीत संध्याकाळ झालेली होती. एकुलत्या एका खिडकीसमोर अँप्लिफायरांची चळत उभी होती आणि प्रकाशाला आत यायचं तर तिच्या फटींतून यावं लागे.

ते दिवस ट्रान्झिस्टरचे होते. तमाशाचे फड, मांडव-स्पीकरवाले, गावोगाव तंबू ठोकणारे सिनेमावाले, सगळे जुनी व्हॉल्व्हची धुडं टाकून हलके नवे सेट घेत होते. टाकलेलं ते धूड काका पारनेरच्या जत्रेतून, राहात्याच्या बाजारातून उचलून आणायचे. एसटीच्या टपावर चढवायचे आणि स्वतः खाली बसून सारखं वर बघत यायचे. व्हॉल्व्ह म्हणजे काचेचे दिवे. कुणी बोटाएवढा, कुणी वांग्याएवढा. आतली तार तापून लाल झाली की मग सेट बोलतो. काकांच्या खोलीत असे पंचवीस-तीस सेट होते, सगळे दुरुस्त केलेले, आणि त्यांतला एकही ते कुणाला देत नसत. हे सगळं कशासाठी, असं मी एकदा विचारलं. “ह्यांच्यातून मानसं बोलल्यात, मास्तर. मोडीत कशी घालायची?” असं उत्तर मिळालं आणि मी मनातल्या मनात हसलो.

काका पन्नाशीचे असतील. उंच, वाळके, अंगात कायम खाकी शर्ट. पूर्वी नगरच्या कॅम्पात, ऑफिसरांच्या मेसमध्ये, दिवे आणि स्पीकर सांभाळायचे. काम करताना त्यांचा डावा हात पाठीमागे, कमरेच्या पट्ट्यात खोचलेला असायचा. पहिल्या भेटीत मला वाटलं, हात अधू आहे. मग कळलं की हे त्यांचं व्रत होतं. उघड्या सेटमध्ये एकच हात घालायचा. दोन्ही घातले तर करंट एका हातातून शिरून काळजातून दुसऱ्या हातात जातो. पुस्तकात हे होतंच. पण पुस्तकातलं पाळणारा माणूस मी पहिल्यांदाच बघत होतो.

गप बसलेल्या सेटला ते एकदम वीज देत नसत. मध्ये एक साधा दिवा जोडायचे, म्हणजे वीज त्यातून गाळून, बेताबेतानं आत जाई. दिवा आधी लख्ख पेटायचा, मग मंद मंद होत जायचा. तो मंद झाला की काका सुस्कारा सोडायचे. “धा वर्सं उपाशी मानसाला एकदम पंगतीला बसवलं तर मरंल न्हाई का त्यो?” आणि काम संपलं तरी खटका दाबून उठून जात नसत. खटका पडल्यावरही व्हॉल्व्हचा सेट दोनतीन सेकंद बोलत राहतो, बारीक होत होत विझतो. त्या दोनतीन सेकंदांत काका मान खाली घालून उभे राहायचे.

त्यांची आणखी एक रीत होती. दुरुस्त सेटमध्ये पहिला आवाज आपला घालायचा नाही. ‘हॅलो, हॅलो, एक दोन तीन’ हे त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. ज्याचा सेट, त्याच्या घरच्या माणसानं आधी बोलायचं. राहात्याकडचा एक मांडववाला बाप गेल्यापासून पडून राहिलेला सेट घेऊन आला, तर काकांनी त्याला सांगितलं, “आईला बोलवा.” आईला आणणं शक्य नव्हतं, म्हणून काका सेट घेऊन त्यांच्या वस्तीवर गेले आणि मलाही ओढून नेलं. म्हातारीच्या हातात माईक दिला. काय बोलू, काय बोलू, असं ती बराच वेळ म्हणत होती. मग पेरूच्या बागेकडे तोंड करून, रोजच्यासारखी सहज म्हणाली, “आवं, भाकरी झाल्या. येताय ना?”

झाडावरच्या कर्ण्यातून ते शब्द शिवारभर गेले. खुरपणाऱ्या बाया उठून उभ्या राहिल्या. गोठ्यात बसलेला एक म्हातारा बैल उठला आणि बागेच्या वाटेकडे तोंड करून उभा राहिला. आम्ही जेवून निघालो तरी तो तसाच उभा होता. मी म्हटलं, आवाजानं बुजला असेल. “बुजला आस्ता तर पळाला आस्ता,” काका म्हणाले.

खोलीच्या कोपऱ्यात एक सेट चादरीखाली होता. बाकीचे सेट भाषणांचे, गाण्यांचे. हा गिटारचा होता. लाकडी पेटी, पुढे जाड विणलेलं कापड, वर चामड्याची मूठ. मेसच्या बँडमधला एक गोरा वाजवणारा मायदेशी जाताना तो काकांच्या धाकट्या भावाला, सायमनला, देऊन गेला होता. सायमन त्या बँडमध्ये गिटार वाजवायचा. आठ वर्षांपूर्वी याच खोलीत, नाताळाच्या आदल्या आठवड्यात, हा सेट दुरुस्त करताना तो शॉक बसून गेला. गल्लीत सगळे म्हणायचे, सेटनं खाल्लं. सायमनच्या बायकोनं ‘तो डबा नदीत टाका’ म्हणून सांगितलं आणि ती मुलीला घेऊन नगरला माहेरी गेली. काकांनी ‘टाकला’ असं कळवलं होतं.

आठ वर्षांत त्या सेटची पिन भिंतीला लागली नव्हती. तरीही रोज दुपारी चारला काका चादर काढत, पेटी मागून उघडत आणि लाकडी मुठीचा लांब स्क्रूड्रायव्हर आतल्या दोन मोठ्या कंडेन्सरना टेकवत. कंडेन्सर म्हणजे वीज साठवणारी नळकांडी. सेटची पिन काढली तरी त्यांत वीज राहते आणि हात लावणाऱ्याला झटका देते. म्हणून दुरुस्तीआधी ती अशी टेकवून काढून टाकायची असते. ते ठीक. पण आठ वर्षं उपाशी कंडेन्सरमध्ये काय राहणार?

मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा टिक्‌ असा आवाज झाला आणि निळी ठिणगी उडाली.

“रोज काढतो,” काका म्हणाले. “रोज भरतो.”

मी त्यांना समजावून सांगितलं की रिकामा केलेला कंडेन्सर आपणहून थोडासा पुन्हा भरतो, हा पदार्थाचा गुणधर्म आहे. त्यांनी नीट ऐकून घेतलं. “किती दिस भरतो?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, काही तास, फार तर एखादा दिवस, तोही कमी कमी होत. त्यांनी मान डोलावली आणि चादर घातली. दुसऱ्या दिवशी चारला ठिणगी तेवढीच होती. मी आठवडाभर जात राहिलो. शेवटी हट्टाला पेटून एक जाड तार घेतली आणि दोन्ही टोकांना स्वतः सोल्डरचा डाग देऊन कंडेन्सरवर पक्की जोडून टाकली. अशी तार असली तर वीज साठणं शक्यच नाही. खोलीची किल्ली मी माझ्याकडे ठेवली. दुसऱ्या दिवशी चादर काढली तेव्हा तारेचं एक टोक सुटून वर आलेलं होतं, आणि टिक्‌. माझं डाग देणं कच्चं, असं मी मोठ्यानं म्हणालो. त्या दिवसापासून मात्र चार वाजता तिकडं जायचं मी टाळू लागलो. खरं सांगायचं तर मला भीती वाटू लागली होती.

मग एके सकाळी काका स्वतःच कॉलेजात आले. हातात आंतर्देशीय पत्र होतं. सायमनची मुलगी मार्था नगरच्या एका दवाखान्यात नर्सिंग शिकत होती. आई वारली, असं तिनं लिहिलं होतं. ट्रंकेत बाबांची गिटार सापडली, ती वाजवायला मी शिकते आहे. काका, बाबांचा सेट आईनं टाकायला लावला हे मला माहीत आहे, पण तुम्ही काही टाकणारे नाही हेही माहीत आहे. रविवारी प्रार्थना झाली की येते.

“सांगा, टाकला म्हणून,” मी म्हटलं. “विषय संपला.”

काका प्रयोगशाळेच्या स्टुलावर बसले. दोन्ही हात मांडीवर ठेवले. मग जे बोलले ते त्यांनी तोवर कुणालाच, पाद्रीसाहेबांनाही, सांगितलं नव्हतं.

“सेटनं न्हाई खाल्लं, मास्तर. मी पिन काढली, मागची फळी काढली. आता करंट काढायचा, तर दारात गिऱ्हाईक आलं. माझा भोंगा दुरुस्त झाला का, म्हनलं. मी तिकडं गेलो. मागनं सायमननं इचारलं, दादा, काढलाय का? मी वळून न बघता म्हनलं, काढलाय. रोज म्हनायचो ना, तसंच तोंडातून गेलं. काढला न्हवता. त्यानं माझ्या शब्दावर हात घातला.” थोडं थांबून ते म्हणाले, “भोंगा झाला हुता का न्हाई, ते सुदिक आठवत न्हाई बघा.”

त्यानंतर आठ वर्षं ‘काढलाय’ हा शब्द त्यांनी उच्चारलेला नव्हता. आता माझ्या लक्षात आलं. मी कितीदा विचारलं असेल, काका, काढलाय का? दर वेळी ते उत्तर न देता मला जवळ बोलवायचे, माझ्यादेखत स्क्रूड्रायव्हर टेकवायचे. मी त्याला कामातली शिस्त समजत होतो.

“पोरीला सांगितलं तर ती हाय ती बी जाईल,” ते म्हणाले. “माझं म्हनावं असं तेवढंच मानूस राह्यलंय. आन न्हाई सांगितलं तर बापाला खानाऱ्या डब्यात ती वाजवनार. तुमीच सांगा.” रविवारी या, एवढंच ते म्हणाले, आणि गेले.

त्या रविवारनंतर मी फिलीपकाकांना पाहिलेलं नाही. दुसऱ्याच दिवशी मला नगरच्या कॉलेजात रुजू व्हायचं होतं, बिछाना बांधून झाला होता. जाऊ नये असं फार वाटत होतं. तरी गेलो.

मार्था माझ्याआधी आली होती. अठरा वर्षांची, तेल लावून घट्ट वेणी घातलेली, मांडीवर गिटार. काकांनी सेट मधोमध आणून ठेवला होता, चादर घडी करून बाजूला. मध्ये दिवा जोडला. पिन लावली. दिवा लख्ख पेटला आणि मग हळूहळू मंदावला. कापडामागून कुणी दीर्घ श्वास घ्यावा तसा घुमारा सुरू झाला.

“पयला आवाज तुजा,” काका म्हणाले.

मार्थानं गिटारची वायर उचलली. तिचं टोक तिच्या हातातच होतं, सेटला लावलेलं नव्हतं, तेवढ्यात सेटमधून आवाज आला. टप, टप. मग शांतता. पुन्हा टप, टप.

जुन्या कंडेन्सरमुळे सेट असे ठोके देतो, हे मला ठाऊक होतं. पण ते ठोके इंजिनासारखे एकसारखे पडत जातात. दोन मारून वाट बघत नाहीत. मी काकांकडे पाहिलं.

“बाबा,” मार्था म्हणाली. ती घाबरलेली नव्हती. “वायर गिटारला लावायच्या आधी तिचं टोक अंगठ्यावर असंच दोनदा वाजवायचे. मी मोजायचे.”

काकांनी तेव्हा तिला सांगितलं. मला सांगितलं होतं तेच, तितक्याच शब्दांत. फक्त शेवटी ‘मी मारलं तुज्या बापाला’ हे जास्तीचं. ते बोलत असताना सेट मध्येच टप, टप करत होता. बोलणं संपल्यावर मार्था उठली. मला वाटलं, आता ही जाणार. काकांनाही तसंच वाटलं असावं, कारण ते दारातून बाजूला झाले.

तिनं जाऊन सेटचा खटका दाबला. घुमारा बारीक होत गेला. त्याच्या अगदी शेवटी, ऐकू येईल न येईल असे आणखी दोन ठोके पडले. मग तिनं पिन ओढून काढली.

“किती वेळ लागतो काढायला?” तिनं विचारलं.

काकांनी पेटी फिरवली, मागची फळी उघडली. स्क्रूड्रायव्हर टेकवला. फटाक्‌ आवाज होऊन मोठी ठिणगी पडली.

“एवढाच?”

“एवढाच,” काका म्हणाले.

आता ती रडेल, ओरडेल, असं मला वाटत होतं आणि तिनं तसं करावं अशी माझी फार इच्छा होती. तिनं स्टूल पुढं ओढलं, सेटच्या उघड्या पाठीसमोर बसली आणि उजव्या हाताची बाही कोपरापर्यंत सारली.

“काका, काढलाय का?”

काका पुढे झाले. त्यांनी पुन्हा स्क्रूड्रायव्हर टेकवला. टिक्‌. पुन्हा टेकवला. टिक्‌. दुसऱ्या वेळची ठिणगी पुस्तकात बसते. तिसरीही ओढूनताणून बसवता येईल. चौथी तिसरीपेक्षा मोठी होती.

“मार्थाबाई, थांबा,” मी म्हटलं. “तो भरतोय.”

तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती काकांकडे बघत होती.

“काका, मी तुम्हाला विचारतेय. काढलाय का?”

काकांनी पाचव्यांदा टेकवला. ठिणगी पडली की नाही ते मला दिसलं नाही, त्यांचा खांदा मध्ये आला. त्यांनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. लाकडी मूठ टेबलावर वाजली.

“काढलाय,” ते म्हणाले.

मार्थानं हात आत घातला. मनगटापर्यंत, मग आणखी आत. मी डोळे मिटून घेतले, हे कबूल करतो. काहीच झालं नाही. डोळे उघडले तेव्हा ती आत चाचपत होती, अंधारात फडताळातली वस्तू शोधावी तशी.

“गरम आहे अजून,” ती म्हणाली. आणि मग, “बाबांचा हात कुठं होता?”

काका खाली बसले. आपला हात तिच्या हाताशेजारून आत घातला, तिचं मनगट धरलं, आणि हळूहळू डावीकडे नेऊन एका जागी टेकवून ठेवलं.

“हितं,” ते म्हणाले.